मेगावॅट तेवढेच, वीज वेगळी

५ एप्रिल २०२० च्या रविवारी रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनानुसार देशभरातल्या लोकांनी नऊ मिनिटे घरातले दिवे मालवले आणि पणत्या लावल्या. टाळेबंदीमुळे कारखाने आधीच थंड होते, त्यामुळे विजेच्या मागणीत घराघरांतल्या दिव्यांचा वाटा एरवीपेक्षा मोठा होता. बारा ते चौदा हजार मेगावॅटची घट होईल असा भार प्रेषण केंद्रांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पावणेनऊ ते नऊ वाजून दहा मिनिटे या अवघ्या पंचवीस मिनिटांत मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली. एवढा भार अचानक गेला तर वीजजाल कोलमडू शकते; त्या रात्री ते कोलमडले नाही. पाण्यावर चालणाऱ्या वीजकेंद्रांनी तेवढ्याच वेळात आपली निर्मिती साडेपंचवीस हजार मेगावॅटवरून आठ हजारांवर उतरवली आणि दिवे पुन्हा लागू लागताच सतरा मिनिटांत एकोणीस हजारांवर चढवली. देशातल्या कोळशाच्या वीजकेंद्रांची क्षमता जलविद्युत केंद्रांच्या चौपटीहून अधिक होती, तरी त्या अर्ध्या तासात मुख्य भार पाण्यानेच पेलला. वीजकेंद्रांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन आकड्यांवर संपते : किती मेगावॅट आणि युनिटला किती रुपये. हे दोन्ही आकडे खरे असतात, पण अपुरे असतात. वीज कोणत्या वेळी मिळणार, ती किती लवकर वाढवता-घटवता येणार, हा तिसरा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. आणि त्याचे उत्तर ते केंद्र वीज कशी बनवते यातच दडलेले असते.

बहुतेक वीजकेंद्रांच्या पोटातली युक्ती एकच आहे. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला की तारेतून प्रवाह वाहू लागतो, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिले. आजच्या जनित्रात मधोमध फिरणारा रोटर हा विद्युतचुंबक असतो आणि त्याच्या भोवती तांब्याच्या गुंडाळ्यांचा स्थिर स्टेटर असतो. दोन ध्रुवांचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो तेव्हा सेकंदाला ५० आवर्तनांची वीज तयार होते. वीस ध्रुव असतील तर ३०० फेरे पुरतात. म्हणून वाफेवरची जनित्रे लांबट आणि वेगवान असतात, तर पाण्यावरची रुंद आणि संथ. मात्र स्टेटरमधून प्रवाह काढू लागलो की तो प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उभे करतो आणि रोटरला मागे ओढतो. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवल्यावर पेडल जड होते ते याच कारणाने. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाल जोडले गेल्यापासून सारा देश एका वीजजालात आहे, त्यामुळे देशभरातले असे हजारो रोटर एका लयीत फिरतात. कोल्हापूरकडे कुणी पंप सुरू केला की त्याचा ओढा, अतिसूक्ष्म का होईना, चंद्रपूरच्या रोटरला जाणवतो. मागणी वाढली की सगळ्यांचा वेग किंचित उतरतो, घटली की चढतो. तारांमध्ये वीज साठून राहत नाही, म्हणून निर्मिती आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो आणि तो बसला की नाही हे वारंवारतेवरून कळते. ५ एप्रिलच्या रात्री ती ४९.७ ते ५०.२६ या पट्ट्यात हेलकावे खात होती. एरवी ती पन्नासच्या अगदी जवळ राहते. रोटर सगळीकडे सारखाच. फरक आहे तो फिरवणारा कोण आणि किती चपळ, यात.

कोळशाच्या केंद्रात तो फिरवते वाफ. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातला ५०० मेगावॅटचा एक संच घेऊ. खाणीतून आलेला कोळसा आधी गिरण्यांमध्ये पिठासारखा दळला जातो, मग गरम हवेच्या झोताबरोबर बॉयलरमध्ये फुंकला जातो. बॉयलरच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्यांच्या रांगा. त्यातून निघालेली वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. जास्त दाबाच्या, मध्यम दाबाच्या आणि कमी दाबाच्या पात्यांमधून जाताना ती प्रसरण पावते, दमते आणि शेवटी कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी बनते. या फेऱ्यात कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेच्या रूपाने हाती लागते. उरलेली बव्हंशी थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुराड्यातून निघून जाते. हा इंजिनिअरांचा निष्काळजीपणा नव्हे. उष्णतेचे कामात रूपांतर करणाऱ्या यंत्राला किती उष्णता वाया घालवावीच लागते, याची मर्यादा सादी कार्नोने १८२४ मध्येच दाखवून दिली होती. आपल्या कोळशात राख तीस ते पंचेचाळीस टक्के असते, म्हणून एका युनिटमागे साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो. ५०० मेगावॅटचा संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर सव्वा कोटीच्या जवळपास युनिटे देतो, सात-आठ हजार टन कोळसा म्हणजे दोन मालगाड्या गिळतो आणि अडीच हजार टनांवर राख मागे ठेवतो. पाणीही त्याला सतत लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

या यंत्राचा स्वभाव जड आहे आणि त्याचे कारण धातूत आहे. बॉयलरचा ड्रम आणि टर्बाइनचा रोटर जाड पोलादाचे असतात. ते घाईने तापवले तर बाहेरचा थर आधी फुगतो, आतला मागे राहतो आणि पोलादात ताण साठून पुढे तडे जातात. म्हणून पूर्ण थंड पडलेला संच पुन्हा भारावर यायला कित्येक तास लागतात. उलट दिशेलाही मर्यादा आहे : बॉयलरमधली ज्योत स्थिर राहायची तर एका किमान भाराखाली उतरता येत नाही. तो किमान भार ५५ टक्क्यांवर आणावा आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली न्यावा, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम सांगतात. दुपारी उतर, संध्याकाळी चढ असे रोज करायला लावले तर कोळसाही युनिटमागे जास्त जळतो आणि यंत्राचे आयुष्यही घटते. कोळशाचे केंद्र रात्रंदिवस एका चालीने चालावे म्हणूनच घडवलेले आहे, आणि त्याची स्वस्ताई त्या चालीवरच अवलंबून आहे.

अणुवीज केंद्र या बाबतीत कोळशाचे भावंड शोभते. १९६९ पासून वीज देऊ लागलेले तारापूर हे देशातले पहिले अणुवीज केंद्र. तिथल्या पहिल्या दोन भट्ट्यांमध्ये युरेनियमच्या विखंडनाची उष्णता पाण्याला थेट उकळते आणि तीच वाफ टर्बाइनकडे जाते. २००५-०६ मध्ये आलेल्या ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांमध्ये जड पाणी उष्णता उचलते आणि वेगळ्या साध्या पाण्याची वाफ करते. इंधनाच्या नळ्या जपायच्या म्हणून वाफ कोळशाच्या केंद्राइतकी तापवत नाहीत, त्यामुळे कार्यक्षमता थोडी कमीच पडते. इंधन मात्र इतके थोडे लागते की मालगाड्यांची रांग नाही, राखेचे तळे नाही, धुराडे नाही; किरणोत्सारी अवशेषांची दीर्घकाळची जबाबदारी तेवढी येते. खर्चाचा मोठा वाटा केंद्र उभारतानाच होऊन गेलेला असतो. भट्टी निम्म्या भाराने चालवली तरी कर्जाचे हप्ते निम्मे होत नाहीत, म्हणून ती शक्यतो पूर्ण भाराने आणि न थांबता चालवतात.

पाण्याची गोष्ट अगदी निराळी. सह्याद्रीच्या माथ्यावर तळे आणि घाटाखाली वीजगृह ही रचना महाराष्ट्राला नवी नाही; टाटांच्या खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. कोयनेचा पहिला संच १९६२ मध्ये सुरू झाला. शिवाजीसागराचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडतात. तिथे ते नोझलमधून झोताने सुटते आणि पेल्टन चाकाच्या वाटीसारख्या पात्यांवर आदळते. तापवायचे काही नाही, वाफ करायची काही नाही; नोझलची सुई मागे-पुढे केली की झोत जाड किंवा बारीक होतो आणि थांबलेला संच काही मिनिटांत पूर्ण भारावर येतो. हिशेब मांडला तर एक घनमीटर पाणी एवढ्या उंचीवरून पडताना सुमारे सव्वा युनिटाची ऊर्जा घेऊन येते. यंत्रांतली घट वजा जाता एका युनिटाहून थोडी अधिक वीज हाती लागते. पुढे कोळकेवाडीत तेच अवजल पुन्हा अडवून वापरतात. सगळे मिळून घनमीटरमागे साधारण एक पूर्णांक चार युनिटे.

आता या हिशेबाला दुसरा आकडा जोडू. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवली आहे, म्हणजे १९१ कोटी घनमीटर. त्यातून ढोबळमानाने पावणेतीनशे कोटींच्या आत युनिटे निघतील. कोयनेची पश्चिमेकडची यंत्रे मात्र १९०० मेगावॅटच्या वर आहेत; ती वर्षभर अखंड चालली तर १६०० कोटींहून जास्त युनिटे द्यायला हवीत. एवढे पाणीच नाही. मंजूर पाण्यात ही यंत्रे दिवसाला सरासरी चार तासांच्या आसपासच पूर्ण भाराने चालू शकतात. मग इतकी यंत्रे बसवली कशाला? इथे या प्रकल्पाचे शहाणपण दिसते. चौथ्या टप्प्याचे १००० मेगावॅट, ज्यासाठी १९९९ मध्ये तळ्याच्या तळाशी स्फोट करून लेक टॅपिंग केले गेले, ते पाणी वाढवण्यासाठी नव्हतेच. पाण्याचा कोटा तोच राहिला, पण तो संध्याकाळच्या थोड्या तासांत जोरात वापरण्याची सोय झाली. युनिटांचा हिशेब मांडणाऱ्याला ही उधळपट्टी वाटेल. मागणीचा कळस कसा भागवायचा हे पाहणाऱ्याला मात्र इतकी नेमकी गुंतवणूक क्वचितच दुसरी दिसेल.

यावर एक सबळ आक्षेप आहे. कोयनेचे पाणी वीज करून वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, तेच पूर्वेला सोडले असते तर कृष्णा खोऱ्यातली कोरडी शिवारे भिजली असती. मुळशीच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, त्या इतिहासापासून हा प्रश्न चालत आला आहे. जलविद्युत म्हणजे फुकटची वीज, असे म्हणणारे या किमतीकडे काणाडोळा करतात. पण वेळेचा विचार केला तर हा आक्षेप तंट्याकडून तडजोडीकडे नेता येतो. जी वीज दिवसा दुसरीकडून स्वस्तात मिळू शकते तिच्यासाठी घाटाखाली एक थेंबही सोडू नये. फक्त जेव्हा दुसरे कोणी चटकन धावून येऊ शकत नाही तेव्हाच सोडावे. असे केल्याने पूर्वेसाठी किती पाणी वाचेल हा मोजणीचा विषय आहे, पण सगळीच युनिटे सारखी मानली तर ती मोजणी सुरूच होत नाही.

वायूवरची केंद्रे चपळाईत पाण्यानंतर येतात. विमानाच्या इंजिनासारखी गॅस टर्बाइन जळत्या वायूच्या झोतानेच फिरते, वाफेची वाट पाहत नाही. तिच्या गरम धुरावर पुन्हा वाफ करून दुसरी टर्बाइन चालवली तर कार्यक्षमता निम्म्याच्या वर जाते. अडचण इंधनाच्या दराची. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्थ्यावर सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. भ्रष्टाचाराचे आरोप, डॉलरशी बांधलेले दर, राजकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या विषयापुरता धडा एवढाच की महाग इंधनाची यंत्रे थोड्या, अडीनडीच्या तासांसाठी शोभतात. वीज मंडळाला मात्र अशा करारात बांधले गेले की वीज घेतली नाही तरी स्थिर आकाराचा मोठा बोजा पडतच राहावा. यंत्र एका कामाचे आणि करार दुसऱ्या कामाचा, अशी ती विसंगती होती.

वारा आणि सूर्य यांच्या बाबतीत चालू-बंदची कळ निसर्गाच्या हाती असते. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबरमध्ये जोमाने फिरतात आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात बऱ्याचदा सुस्त असतात. त्याच तालुक्यात, त्याच महिन्यांत कोयनेचे धरण भरत असते, म्हणजे वाऱ्याची वीज येत असताना पाणी राखून ठेवता येते. सौर विजेत तर रोटरच नाही. सिलिकॉनच्या पातळ चकतीत दोन वेगळे थर असतात, प्रकाशाचा कण आत शिरून इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि थरांच्या सीमेवरचे विद्युतक्षेत्र त्याला एकाच दिशेला ढकलते. ही एकदिश वीज इन्व्हर्टर प्रत्यावर्ती करतो. इंधन नाही, हलणारा भाग नाही, पाणी लागलेच तर पॅनेल धुण्यापुरते; मोठ्या प्रकल्पांच्या लिलावात युनिटचा दर अडीच-तीन रुपयांच्या आसपास येतो. मात्र सकाळी ती चढते, दुपारी कळसाला जाते आणि घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही लागण्याच्या वेळी शून्यावर येते.

मग साहजिक विचारले जाते : सौर वीज सर्वांत स्वस्त आहे तर बाकीचे सगळे कशाला, बॅटऱ्या लावा आणि मोकळे व्हा. हे म्हणणे निम्मे बरोबर आहे आणि ते निम्मे महत्त्वाचे आहे. दुपारची वीज संध्याकाळी नेण्याची तंत्रे आज हाताशी आहेत. घाटघरच्या उदंचन प्रकल्पात वीज मुबलक असताना खालच्या तळ्यातले पाणी वरच्या तळ्यात चढवतात आणि गरजेच्या वेळी ते पुन्हा उतरवून २५० मेगावॅट मिळवतात. चार युनिटे खर्चून साधारण तीन परत मिळतात, आणि तरीही तो सौदा परवडतो. त्याचे कारण एकच : संध्याकाळची तीन युनिटे दुपारच्या चारांपेक्षा मोलाची असतात. बॅटरीत ही घट आणखी कमी असते. पण दोन्हीचा आवाका काही तासांचा आहे. आषाढ-श्रावणात आठवडाभर आभाळ गच्च राहिले तर दुपारची साठवलेली वीज पुरी पडायला मुळात दुपारी ती निर्माण व्हायला हवी. शिवाय साठवणुकीचा खर्च सौर विजेच्या दरात मिळवल्यावरच कोळशाशी तिची खरी तुलना होते. तशी तुलना केली तरी ती अनेक ठिकाणी जिंकेल. पण जिंकेल ती वेळेची किंमत चुकती करून.

उलट बाजूने असेही म्हणतात की विजेची वेळ सांभाळणे हे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राचे काम, सामान्य ग्राहकाने युनिटचा दर पाहावा म्हणजे झाले. पण ग्राहकाच्या बिलात स्थिर आकार असतो तो बऱ्याच अंशी उभ्या राहिलेल्या, पण दर तासाला न चालणाऱ्या यंत्रांचाच मोबदला असतो. औद्योगिक ग्राहक वेळेनुसार वेगळे दर कित्येक वर्षे भरत आहेत. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी शेती वगळता बाकी ग्राहकांसाठीही टप्प्याटप्प्याने वेळेनुसार दर आणायचे आणि सौर तासांतला दर किमान वीस टक्के कमी ठेवायचा असे ठरवले. सर्वांत ठळक दाखला तर शेतीचा आहे. कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळायची आणि शेतकऱ्याला थंडीत, साप-बिबट्याच्या भीतीत दारे धरावी लागायची. जालावरचा दिवसाचा भार हलका करण्याची ती सोय होती. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने हिशेब उलटवला : पिकाला पाणी दुपारी दिले तरी चालते, म्हणून जी वीज दुपारीच येते ती पंपाला द्यावी. इथे कोणतीही बॅटरी लागली नाही. मागणीच विजेच्या वेळेकडे सरकवली गेली. युनिटचा दर आणि युनिटची वेळ एकत्र वाचली की असे स्वस्त उपाय दिसू लागतात.

तेव्हा ‘सर्वांत चांगले वीजकेंद्र कोणते’ हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. चोवीस तासांची सपाट गरज, संध्याकाळचा कळस, दुपारचा सुकाळ, अचानक बिघाड ही चार वेगळी कामे आहेत आणि वाफ, पाणी, वायू, ऊन यांचे स्वभाव त्यांना कमी-अधिक जुळतात. कोळशाचा वाटा घटत जाईल, घटायलाही हवा. पण तो घटवताना त्याच्या युनिटांची जागा कोण घेणार एवढेच विचारून भागणार नाही, पावसाळ्यातल्या रात्री आठ वाजता त्याची जागा कोण घेणार हेही विचारावे लागेल. एखाद्या नव्या प्रकल्पाची घोषणा झाली की मेगावॅटच्या आकड्याला चार पुरवणी प्रश्न जोडावेत : वर्षाला युनिटे किती मिळतील, ती कोणत्या तासांना मिळतील, किती मिनिटांत वाढवता-थांबवता येतील, आणि त्यासाठी पाणी-जमीन कोणाची जाईल. वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या जाहीर सुनावण्यांमध्ये ग्राहकांना सूचना-हरकती मांडता येतात. तिथे दरवाढीला विरोध करण्याबरोबर हे चार प्रश्नही विचारले गेले, तर महाग करार सह्या होण्याआधीच उघडे पडतील.